दिवाळीत स्वयंपाकाची मनापासून आवड असणाऱ्यांना काय भेट द्यावी?

भोपळ्याचे_घारगे
नमस्कार मंडळी, दिवाळी तोंडावर आलीय आणि यंदा मला तिघांसाठी भेटी घ्यायच्यात. तिघंही स्वयंपाकात रमणारी, म्हणजे नुसतं रोजचं रांधणारी नाहीत तर एखादा पदार्थ जमेपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणारी. एक आमचे भावोजी, नाशिकला असतात, बँकेतून रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात आहे आणि सध्या घरी पाव भाजायचा नाद लागलाय. दुसरी माझी मावशी, वय 70 च्या पुढे, ठाण्याला, अजूनही फराळाचं सगळं स्वतः करते, विकतची चकली घरात आलेली तिला चालत नाही. तिसरी भाची, जर्मनीला शिकायला आहे, तिथे एकटी करून खाते आणि आम्हाला फोटो पाठवते. दिवाळीला चार दिवस इकडे येणार आहे, तेव्हा तिच्याबरोबरच सामान देता येईल. बजेट माणशी 2–3 हजार, भावोजींसाठी 5 पर्यंत चालेल. वस्तूच पाहिजे असंही नाही. तुमच्या घरात खरोखर वापरात राहिलेली भेट कुठली ते सांगा.

तिखटमीठ
आधी एवढं सांगा: तिघांकडे गॅस आहे का इंडक्शन, ओटा केवढा, आणि मावशींना जड भांडं उचलवतं का. याची उत्तरं आली की निम्म्या वस्तू आपोआप बाद होतात.

सांडगी_मिरची
माझं मत बिडाच्या तव्याला. आणि नुसता दुकानातून उचलून रंगीत कागदात गुंडाळून देऊ नका, तो आधी वळणावर आणून मग द्या, खरी भेट तीच आहे. नवा बिडाचा तवा आणला की पहिले दोन-तीन दिवस आंघोळ घातल्यासारखा गरम पाण्याने घासून त्याच्यावरचं कारखान्याचं तेल आणि काळी भुकटी काढायची, लगेच गॅसवर कोरडा करायचा, नाहीतर दोन तासांत तांबूस गंज धरतो. मग अगदी थेंबभर तेल लावून कापडाने पुसून टाकायचं, इतकं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटलं पाहिजे, आणि धूर येईपर्यंत तापवायचा. असं रोज एकदा करत राहिलं की आठ-दहा दिवसांत तवा काळाभोर तुकतुकीत होतो. लोक इथे तेल जास्त ओततात आणि मग तवा चिकट होतो, त्याला काही इलाज नाही, परत घासून पहिल्यापासून करावं लागतं. पहिले काही दिवस त्याच्यावर कांदा अर्धा कापून तेलात बुडवून फिरवत घावन, आंबोळ्या, धिरडी घाला, टोमॅटो-चिंच असलं आंबट मात्र एवढ्यात नको, वर बसलेला थर निघून जातो.

असा तयार तवा ज्याला मिळतो तो माणूस दुसऱ्या दिवशीच आंबोळी घालतो. कच्चा दिला तर बिचारा ओट्याखाली जातो, कारण दिवाळीच्या गडबडीत हे सगळं करायला कोणाला वेळ आहे.

डोंबिवली_फास्ट
+1 पण वजन बघा. 10 इंची बिडाचा तवा सहज दोन-अडीच किलो भरतो. मावशींचं मनगट दुखत असेल तर नको. माझ्या आईला मी तोच आप्पेपात्राच्या रूपात दिला, बिडाचं सात खणांचं, ते गॅसवर एकाच जागी राहतं, उचलायला लागत नाही, आणि आप्पे खालून असे खरपूस होतात की निर्लेपमध्ये ते होणे नाही.

निशिगंध
एक वेगळा मुद्दा मांडते, राग मानू नका. पाडव्याला नवऱ्याने बायकोला मिक्सर किंवा कुकर देणं ही भेट नव्हे. घराला मिक्सर लागतो, घर खातं, मग तो घरखर्चातून यायला हवा. पाडव्याची ओवाळणी त्या बाईसाठी असते. मला स्वयंपाक फार आवडतो, अगदी मनापासून आवडतो, पण एका वर्षी मला फूड प्रोसेसर मिळाला आणि घरातले सगळे म्हणाले बघ किती सोय झाली तुझी, तेव्हा मला वाटलं की सोय तर सगळ्यांचीच झालीय. म्हणून विचारते, भावोजी रिटायर झाल्यावर हौसेने करतात त्यांना आपण छान छान वस्तू शोधतो, आणि मावशी पन्नास वर्षं करतायत त्यांना कष्ट कमी करणारी वस्तू शोधतो, असं नको व्हायला. त्यांनाही हौसेची वस्तू द्या.

मिरजकर_काका
निशिगंध ताई, पटलं. माझ्या मते फरक ओळखायची सोपी खूण आहे: वस्तू बंद पडली तर घरात किती जणांचं अडतं? सगळ्यांचं अडत असेल तर ती घराची वस्तू. एकट्याचीच चुटपुट होत असेल तर ती त्याची भेट.

भोपळ्याचे_घारगे
निशिगंध, हे फार नीट सांगितलंत, मी मावशीसाठी खरंच चॉपर बघत होते. तिखटमीठ, उत्तरं देते: भावोजींकडे गॅस आणि साधारण 30 लिटरचा ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन), ओटा मोठा आहे. मावशीकडे फक्त गॅस, मनगटं धड आहेत पण खांदा दुखतो, आणि माळ्यावर तिच्या सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी गोणपाटात बांधून ठेवलेली आहेत. भाचीच्या हॉस्टेलला काचेची इलेक्ट्रिक शेगडी आहे, इंडक्शन नाही असं ती म्हणते.

कसबा_पेठ
थांबा! माळ्यावर पितळेची भांडी आहेत ना? मग मावशींची भेट तिथेच आहे, नवीन काही घेऊ नका. ती भांडी खाली काढा, त्यातली दोन-तीन त्यांच्याकडूनच निवडून घ्या आणि कल्हई करून, घासूनपुसून त्यांच्या ओट्यावर आणून ठेवा.

जरा सविस्तर लिहितो कारण याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. तांब्या-पितळेत आंबट घातलं की पदार्थ कळकतो, हिरवट कळा येते आणि तो खाण्यालायक राहत नाही, म्हणून आतून कथलाचा थर देतात, तीच कल्हई. भांडं आधी आंबट पदार्थाने किंवा ॲसिडने स्वच्छ करतात, भट्टीवर चांगलं तापवतात, नवसागराची पूड टाकतात, त्याचा पांढरा धूर निघतो आणि धातूवरची घाण सुटते, मग कथलाची कांडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने ती झरझर आतून फिरवतात, क्षणात भांडं चांदीसारखं उजळतं. बघायला मिळालं तर मावशींना बरोबर घेऊन जा, 70 च्या पुढच्या माणसाला लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला नक्की आठवत असणार.

लक्षात ठेवायच्या गोष्टी. कथील 232 अंशाला वितळतं. म्हणजे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, आधी तेल, पाणी, काहीतरी घालायचं आणि मग गॅस लावायचा. तळणीला ते भांडं वापरू नये, आमटी, भाजी, खीर, भात यांना उत्तम. घासायला तारेची घासणी नको, आत ढवळायला लाकडी पळी. आणि कल्हई करणाऱ्याला स्पष्ट विचारायचं की कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं स्वस्तात मिळतं आणि ते पोटात जाता कामा नये. ओळखीच्या, जुन्या माणसाकडेच द्या. रोज वापरलं तर साधारण वर्षाने परत करावी लागते, आत तांबूस-पिवळं दिसायला लागलं की वेळ झाली समजायचं.

आणि नवं घ्यायचंच असेल तर आमच्या पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशवाईपासूनची, तिथे हाताने ठोकून भांडी अजून होतात, भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या ज्या बारीक टिकल्या दिसतात ना त्या मठारकामाच्या, त्याने पत्रा कडक होतो आणि भांडं चेपत नाही. यंत्रावर नुसती नक्षी दाबलेली भांडीही तशीच दिसतात, म्हणून हाताला लावून बघा, हाताच्या कामात दोन ठोके एकसारखे नसतात.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध. माझ्या लग्नात आलेलं भंडाऱ्याचं पितळी गंज (पातेलं) अजून वापरात आहे, त्यात वरण शिजवलं की कुकरच्या वरणाची चव नकोशी होते. कसबा पेठ यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं.

पाकातले_चिरोटे
चकलीवाल्या मावशींना आणि पाववाल्या भावोजींना, दोघांनाही मी एकच वस्तू सुचवीन: टोचायचा डिजिटल थर्मामीटर. हजार-बाराशेत चांगला येतो, दांडी लांब असलेला घ्या आणि आकडा तीन-चार सेकंदांत दाखवणारा घ्या, स्वस्तातले काही अर्धा मिनिट लावतात तोवर पाक पुढे गेलेला असतो.

मी चिरोटे आणि रव्याचे लाडू वर्षानुवर्षं करते, हाताला पाक कळतो, बोटांत तार धरून बघते, ते कसब थर्मामीटरने जात नाही. पण माझ्या मुलीला शिकवताना मी आकडे वहीत टिपून घेतले. एकतारी पाक साधारण 105 च्या आसपास, गोळीबंद 115 च्या आसपास. आता ती पुण्यात, मी मुंबईत, आणि एकदा ती फोनवर म्हणाली आई तुझा आकडा आला तरी पाक थोडा जास्त झाला. कारण अगदी साधं आहे, पुण्याच्या उंचीवर पाणीच 98 ला उकळतं. म्हणून थर्मामीटर आणला की पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यात धरून बघायचं आणि शंभरला जेवढे कमी पडतील तेवढे पाकाच्या आकड्यातून वजा करायचे. नाशिकसुद्धा पुण्याएवढ्याच उंचीवर आहे म्हणून भावोजींनाही हे सांगा.

पाकाशिवाय उपयोग पुष्कळ. दुधाला विरजण 40–42 ला लावायचं, थंडीत दही लागत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा दूध आधीच गार झालेलं असतं. चकलीचं तेल 170 च्या जवळपास ठेवलं तर ती बाहेरून लाल आणि आतून मऊ राहत नाही. आणि पाव आतून 93–95 झाला की भाजला, मग वरून रंग बघून अंदाज बांधत बसायला नको.

सांडगी_मिरची
चिरोटे ताई, ही उंचीची गोष्ट माहीतच नव्हती, माझी बहीण महाबळेश्वरला असते तिचा पाक नेहमी कडक होतो. आजच सांगते.

पाकातले_चिरोटे
महाबळेश्वर तर बरंच उंच, तिथे पाणी 95 च्या सुमाराला उकळतं. तिला एकतारीला शंभरच्या थोडं वर गेलं की गॅस बंद करायला सांगा.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे डिचोलीला कुंभार मातीची भांडी करतात, हुमणासाठी (माशाच्या आमटीसाठी) मातीचं भांडं ही आम्ही मुद्दाम लग्नात आणि नव्या घरात देतो अशी वस्तू. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतं. घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायचं, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. देताना सोबत चिठ्ठी लिहून द्या: रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, पहिल्यांदा त्यात पेज शिजवायची, गॅस मंद ठेवून हळूहळू वाढवायचा, गरम भांड्यात गार पाणी ओतायचं नाही. साबण नको, राख किंवा बेसन. एकदा माशाचं केलं की ते भांडं माशाचंच, त्यात खीर करायला जाऊ नये, माती वास धरते.

आणि त्याच्या बरोबर काणकोणची खोला मिरची थोडी. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली मिरची आहे, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, रंग सुंदर आणि तिखट बेताचं. आमसुलं आणि तिरफळं पण घाला. एवढं एका टोपलीत दिलं तर 2 हजारांच्या आत बसतं आणि माणूस त्याच संध्याकाळी आमटी टाकतो.

वऱ्हाडी_ठेचा
मांडवीकाठ यांनी चांगला धागा पकडला. मी तर म्हणतो आवडीने करणाऱ्याकडे भांडी भरपूर असतात, त्याला जिन्नस द्या. संपतो, जागा अडवत नाही, आणि संपताना दर वेळी तुमची आठवण निघते. आपल्याकडे एवढं आहे की दिवाळीला ड्रायफ्रूट द्यायची गरजच नाही. भिवापूरची मिरची, वायगावची हळद (वर्धा जिल्हा, तेल जास्त असतं आणि रंग गडद), आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, कोल्हापूरचा गूळ. या सगळ्यांना जीआय आहे पण पिशवीवर नाव छापलं म्हणजे आत तेच असतं असं नाही, म्हणून शेतकरी गट किंवा ओळखीतून मागवा.

मिरची आणि हळद शक्यतो अख्खी घ्या. दळलेल्या मसाल्याचा वास काही महिन्यांत उडतो, अख्खा वर्षभर टिकतो, आणि ज्याला आवड आहे तो स्वतः कुटतो किंवा दळून आणतो. घनसाळ घेताना जुना मागा, नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो आणि तो भाताला चिकट होतो, जुन्याचा दाणा सुटा राहतो आणि वास घरभर. गूळ मात्र ताजा, दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं सुरू होतात, पहिल्या घाण्यांचा गूळ मिळाला तर काय विचारता. पांढरट-पिवळा गूळ नको, तपकिरी घ्या.

आणि कृपा करून पाव पाव किलोच्या वर कुठलाच मसाला देऊ नका, तीन माणसांच्या घरात किलोभर हळदीचं काय करायचं.

तिखटमीठ
वऱ्हाडी, "संपताना आठवण निघते" हे एकदम खरं. माझ्या मैत्रिणीने दिलेली केशराची 1 ग्रॅमची डबी मी इतकी पुरवून वापरली.

राईन_काठी
भाचीसाठी लिहिते, मी स्वतः जर्मनीत आहे. व्होल्टेज तिथे 230 आहे, आपल्यासारखंच, त्यामुळे छोटा भारतीय मिक्सर चालतो, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. काचेची शेगडी इंडक्शन नसेल तर भांडं लोखंडाचंच पाहिजे असं नाही पण बूड अगदी सपाट पाहिजे, गोल बुडाची कढई डगमगते आणि तापतच नाही. म्हणून तिला 2 लिटरचा सपाट बुडाचा स्टीलचा कुकर द्या, आणि तो इंडक्शनलाही चालणारा घ्या, कारण हॉस्टेल बदललं की शेगडी बदलते. जास्तीची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन-दोन द्या! तिथे ते भाग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो, मला आलेली सगळ्यात उपयोगी भेट रबरी रिंगा आहेत.

काय देऊ नका: तूप, खवा, पेढे. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको, 2019 च्या डिसेंबरपासून ताज्या पाल्याला सर्टिफिकेट लागतं, घरी सावलीत वाळवून द्या, तो चालतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात घालू नका, त्यात तेल असल्यामुळे त्यांना मनाई आहे. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, पोहे, कुळथाचं पीठ हे सगळं चेक-इन बॅगेत, दोनदा पिशवीत बांधून.

आणि माझ्या मनातली खरी भेट: स्टीलचा मिसळणाचा डबा, भरलेला. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, मेथ्या, गोडा मसाला. पहिल्या थंडीत बाहेर पाच वाजता अंधार पडतो तेव्हा तो डबा उघडला की फोडणी टाकावीशी वाटते, एकट्याने जेवताना पण.

डॅलसची_सून
अमेरिकेत कोणाला देत असाल तर इथे 120 व्होल्ट आहे, भारतातला मिक्सर आणू नका, त्याला पुरेशी ताकद मिळत नाही आणि तो नीट चालत नाही. 110 व्होल्टची मॉडेल्स भारतीय कंपन्या करतात, ती इथेच मिळतात. आणि हँडबॅगेत पूड 350 मिलीच्या वर असेल तर वेगळी तपासतात, म्हणून मसाले चेक-इनलाच.

खमीर
भावोजींच्या पावाबद्दल. 30 लिटरच्या ओटीजीत झाकणाचं बिडाचं भांडं बसेल का ते आधी टेपने मोजा, वरच्या कॉइलपासून दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे. बसत असेल तर 5 हजारांत भारतीय बनावटीचं येतं आणि पावासाठी त्याहून चांगलं काही नाही, कारण भांडं बंद असलं की पावातलीच वाफ आत कोंडते, वरचा पापुद्रा लवकर कडक होत नाही आणि पाव पूर्ण फुगतो, मग झाकण काढून शेवटची वीस मिनिटं रंग आणायचा. बसत नसेल तर वजनकाटा द्या, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वाटीने मोजलेलं पीठ दर वेळी वेगळं भरतं, दाबून भरलं की जास्त, चाळून भरलं की कमी, आणि पावात पाण्या-पिठाचं प्रमाण चुकलं की सगळंच बिघडतं. यीस्ट आणि मीठ मोजायला 0.1 ग्रॅमचा छोटा काटा वेगळा मिळतो.

सोबत खपली गव्हाचं पीठ दोन किलो द्या. खपलीत चिवटपणा कमी असतो म्हणून निम्म्याहून जास्त घालू नका असं सांगा, पण चव अशी येते की मैद्याचा पाव नंतर फिका लागतो. आणि त्यांना विचारून द्या, माणूस नादात असला की त्याची यादी तयारच असते.

मिरजकर_काका
चांगली सुरी कोणी सुचवली नाही? 8 इंची सुरी, किंवा मावशींना खोवणीची नवी विळी.

निशिगंध
काका, आमच्याकडे सुरी-कात्री भेट देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी मानत नाही पण सासूबाई मानतात, म्हणून घेणाऱ्याकडून एक रुपया घेतात, म्हणजे ती विकत घेतली असं होतं आणि सगळ्यांचं मन राहतं.

मिरजकर_काका
उत्तम तोडगा. आणि सुरी आधीच असेल तर धारेचा दगड द्या, एका बाजूला 1000 आणि दुसऱ्या बाजूला 3000 ग्रिटचा. बहुतेक घरात सुऱ्या चांगल्या असतात, धार गेलेली असते. बोथट सुरीनेच हात कापतो कारण जोर लावावा लागतो. काचेचा चॉपिंग बोर्ड मात्र कोणालाही देऊ नका, दिसतो छान आणि सुरीची धार आठवड्यात खातो. लाकडी घ्या, जाड.

एरंडोलची_लेक
मी खर्चाची नाही अशी भेट सांगते. आईच्या पाककृतींची वही. माझ्या आईची 1978 सालापासूनची वही, तेलकट, पानं सुटलेली, मागच्या बाजूला दुधाचा हिशोब. आम्ही बहिणींनी ती आधी पानन् पान स्कॅन केली, मग नव्याने टाइप केली, एका बाजूला तिच्या अक्षरातलं पान आणि समोर टाइप केलेलं, आणि झेरॉक्सवाल्याकडून चांगल्या कागदावर जाड बाइंडिंग करून घेतलं. दहा प्रती काढल्या, खर्च फार नाही आला.

टाइप करताना तिच्या मापांना हात लावला नाही. "अंदाजे", "हाताला लागेल इतकं", "आजीच्या वाटीने" असंच ठेवलं. पण ती करत असताना शेजारी वजनकाटा ठेवून बसलो आणि प्रत्येक मूठ, प्रत्येक चिमूट आधी काट्यावर टाकायला लावली, तिला आधी राग आला, मग तिलाच मजा वाटायला लागली की तिची मूठ दर वेळी तेवढीच भरते. ती वजनं बारीक अक्षरात खाली दिलीत. खान्देशी काळ्या मसाल्याचं प्रमाण असं पहिल्यांदा कागदावर आलं. घारगे, तुमच्या मावशींची वही असेल तर या दिवाळीला त्यांच्याबरोबर फराळ करायला जा आणि मोजायला सुरुवात करा. भाचीला पुढच्या वर्षी तीच प्रत द्या.

भोपळ्याचे_घारगे
एरंडोलची_लेक, वाचताना डोळ्यांत पाणी आलं हो. मावशीची वही आहे, निळ्या रेक्झिनची. बहिणीला लगेच फोन केला, वसुबारसेला दोघी मावशीकडे जाणार, भाचीही तेव्हा आलेली असेल, तीच काट्यावरचे आकडे लिहून घेईल. भावोजींचा ओटीजी मोजायला ताईला सांगितलंय. आणि कल्हई नक्की. फक्त ठाण्यात कल्हईवाला कुठे शोधायचा?

डोंबिवली_फास्ट
ठाण्या-डोंबिवलीत बाजारातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारा, ज्या दुकानात मोडीची तांबा-पितळ घेतात तिथे. ते स्वतः करत नसले तरी करणारा माणूस त्यांना माहीत असतो, बऱ्याचदा आठवड्यातून ठराविक दिवशी तो त्यांच्याकडे येऊन भांडी घेऊन जातो. मुंबईत भुलेश्वरच्या बाजूला तांबाकाट्यालाही मिळेल. घाई करा मात्र.

कसबा_पेठ
हो, घाई कराच. दसरा झाला की कल्हईवाल्यांकडे रांग लागते आणि धनत्रयोदशीच्या आधीचे आठ दिवस कोणी नवीन भांडं हातात घेत नाही. याच आठवड्यात टाका. जाताना भांडं उलटं करून बुडाला आणि काठाला तडा आहे का बघा, असेल तर आधी डाग द्यायला (झाळून तडा बुजवायला) सांगा, मग कल्हई. वजन करून घ्या आणि भांड्याच्या आत मावशींच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, एकसारखी दहा पातेली एका भट्टीवर असतात तेव्हा अदलाबदल होते.